बाटलीतले ॲसिड आणि पायांच्या भेगा

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. नायगाव पूर्वेच्या एका औषधाच्या दुकानात मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उभी होते. सोबत भाची होती. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, रोज नायगावहून अंधेरीला लोकलने जाणारी. माझ्या गोळ्या येईपर्यंत तिने काउंटरवरच्या मुलाला विचारले, "अमिनो ॲसिडवालं सीरम आहे का?" शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ दचकलेच. "ॲसिड? ते तोंडाला लावायचं?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. जणू पोरीला आवरायची जबाबदारी माझी. दुकानदार हसला, भाची हसली आणि अंगठ्याएवढी एक बाटली काउंटरवर आली. तीस मिलीलिटर, किंमत पाचशे नव्याण्णव रुपये. माझ्या महिनाभराच्या गोळ्या त्याच्या निम्म्यातही बसत नव्हत्या.

त्या गृहस्थांची मी समजूत घातली. हे बॅटरीतले ॲसिड नव्हे, आपण खातो त्या डाळीत, अंड्यात, मासळीत असते तेच. प्रथिने ही घरे धरली तर अमिनो आम्ले या त्यांच्या विटा. एकतीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवताना हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, त्याची गणती नाही. पण घरी येताना रिक्षात भाचीने विचारले, "आत्या, पण ते चेहऱ्याला लावून करतं काय?" तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. पाठ्यपुस्तकात त्या विटा पोटात जात, रक्तातून स्नायूंत जात. कातडीवर त्यांचे काय काम, हे कुणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. मग पुस्तके काढून बसले. जे कळले, ते मला थेट आमच्या मिठागरात घेऊन गेले.

नायगाव ज्यांनी फक्त गाडीतून पाहिले आहे, त्यांना भाईंदरची खाडी ओलांडल्यावरची पांढरी चौकोनी शेते आठवत असतील. आता त्यातली बरीच बंद पडली आहेत आणि त्यांच्या आसपास उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आमच्या लहानपणी मात्र घराघरातून कुणी ना कुणी मिठागरात जायचे. माझे वडील जात. पाऊस सरला की खाजणाचे बांध दुरुस्त व्हायचे, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट केली जायची. मग भरतीचे पाणी आत घ्यायचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचे. समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग क्षार असतात. आटत आटत ते पाणी पंचवीस डिग्रीच्या पुढे गेले, की मीठ धरू लागते. ही डिग्री म्हणजे उष्णतेची नव्हे, पाण्याच्या दाटपणाची. शाळेची पायरी न चढलेले लोकसुद्धा "पाणी किती डिग्रीला आलं?" असे एकमेकांना विचारत. त्या पाण्यात दिवाळीपासून मेअखेरपर्यंत वडिलांचे पाय असत.

त्यांचे पाय मी विसरलेले नाही. टाचांना इतक्या खोल भेगा, की माझ्या लहानपणीच्या बोटाचे नख त्यात बसे. भेगेत मीठ गेले की तो माणूस तोंडातून आवाज काढत नसे, फक्त पाय उचलून धरी. रात्री आई कोकमतेलाचा गोळा चुलीवर पातळ करी आणि भेगांत भरी. कोकमतेल नसले, तर खोबरेल तेलात मेणबत्ती वितळवून. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा त्याच पाण्यात. आम्हाला वाटे, मीठ कातडी खाते. हे अगदी चूक नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पंधरा-वीस पदर एकावर एक, आणि सगळे मिळून जाडी वहीच्या कागदाहूनही कमी. मेलेल्या पेशी म्हटले की आपल्याला ते टाकाऊ वाटते, पण घराच्या कौलांसारखे त्याचे काम असते. ही कौले मऊ राहायची तर त्यांत थोडे पाणी धरून ठेवावे लागते. वाळले की तडकते. हे पाणी धरून ठेवण्यासाठी शरीराने जी सोय केली आहे, तिच्यात सर्वांत मोठा वाटा आहे सुट्या अमिनो आम्लांचा. पाणी धरणाऱ्या त्या मिश्रणात सुमारे चाळीस टक्के तीच असतात. बाकी त्यांच्यापासूनच बनलेली काही द्रव्ये, थोडे लॅक्टिक आम्ल, साधारण सात टक्के युरिया आणि क्षार. अमिनो आम्लांत सेरीन नावाचे सर्वांत जास्त. हे सेरीन १८६५ मध्ये प्रथम सापडले ते रेशमात, आणि त्याचे नावही रेशमावरूनच पडले. मऊपणाशी त्याचे नाते असे जुने आहे.

ही अमिनो आम्ले त्वचेत येतात कुठून? बाहेरून नव्हे. त्वचेच्या पेशी खालून वर सरकत असताना फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन तयार करतात, आणि पृष्ठभागाजवळ आल्यावर तेच प्रथिन मोडून त्याच्या विटा सुट्या करतात. घर पाडून विटा अंगणात रचाव्यात तसे. त्यांतल्या आर्जिनिन या अमिनो आम्लापासून त्वचेतच थोडा युरियाही होतो. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की ज्यांच्या फिलॅग्रिनच्या जनुकात दोष असतो, त्यांची कातडी लहानपणापासून कोरडी, माशाच्या खवल्यांसारखी राहते आणि त्यांना इसबाचा त्रासही जास्त होतो. अशा माणसांच्या तळहातावर रेषाही अधिक असतात. ज्योतिषाला त्या रेषांत काय दिसत असेल ते असो, डॉक्टरला मात्र त्यांत कोरड्या त्वचेचा वारसा दिसतो.

आता मिठागराकडे या. ही सगळी अमिनो आम्ले पाण्यात विरघळणारी. पाणी धरायचा गुण त्यांच्यात आहे तो त्यामुळेच, आणि पाण्याबरोबर वाहून जायचा दोषही त्यामुळेच. तासन् तास पाय पाण्यात राहिले की ती धुतली जातात. त्यातून पाणी जर दाट खारे असेल, तर लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर जे होते तेच टाचेला होते, आतले पाणी बाहेर ओढले जाते. म्हणजे वडिलांच्या पायांतून दोन्ही गोष्टी जात होत्या, पाणीही आणि पाणी धरणारा हातही. आई रात्री जे तेल भरायची ते उरलेसुरले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाकण घालत होते. ते अडाणीपणाचे नव्हते. पण ते निम्मेच काम होते. गेलेला ऐवज तेलाने परत येत नाही.

इथे भाचीच्या बाटलीचा प्रश्न येतो. जे धुऊन गेले तेच बाहेरून लावले तर? हा विचार मुळात खोटा नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. अमिनो आम्लांचे रेणू लहान असतात. सेरीन, ग्लायसिन यांसारखी द्रव्ये वरच्या पदरांत काही अंशी शिरतात आणि पाणी धरतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतले, की त्यांतला बराचसा भाग मोरीत. ती लावल्याने वय मागे जात नाही, सुरकुती मिटत नाही, कातडी नवी होत नाही. ग्लिसरीनची साधी बाटली हेच पाणी धरायचे काम कित्येक पिढ्या करीत आली आहे आणि तिची किंमत सीरमच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नाही.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे, यापेक्षा मागच्या बारीक अक्षरांत काय आहे ते पाहावे. आपल्याकडच्या नियमानुसार घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, हव्या त्या क्रमाने. भाचीच्या बाटलीवर चष्मा लावून मी ती यादी वाचली. आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग आणखी सात-आठ नावे, आणि सुगंधाच्या शेजारी, तळाशी, आमची सेरीनबाई. म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवर नाव नवरीचे, आणि काम सगळे करवलीने केले, असा प्रकार. भाचीचा चेहरा मऊ झाला असेल तर त्याचे मोठे श्रेय ग्लिसरीनला आहे.

कोलॅजेनच्या क्रीमचे तर विचारूच नका. कोलॅजेनचा रेणू सेरीनच्या तुलनेत हजारो पट मोठा. तो धडधाकट त्वचेतून आत जाणे म्हणजे हत्तीने पाखाडीच्या फटीतून जाणे. आणि तेच कोलॅजेन पूड करून प्यायले, तर पोट त्याच्या विटा करते, जशा ते तुरीच्या डाळीच्या आणि सुक्या बोंबलाच्या करते. पोटाला किमतीची चिठ्ठी वाचता येत नाही.

मग अमिनो आम्लाचा त्वचेसाठी खरा उपयोग कुठेच नाही का? आहे, आणि तो मला भलत्याच ठिकाणी सापडला. स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर जी पांढरी पूड पडते, ती अजिनोमोटो. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनतज्ज्ञाने समुद्री शेवाळापासून ती चव वेगळी काढली. ही पूड म्हणजे ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाचे मीठ. याच आम्लाला खोबरेल तेलातली मेदाम्ले जोडली, की त्यापासून फेस येणारे, मळ काढणारे, पण साबणापेक्षा पुष्कळ सौम्य असे द्रव्य तयार होते. आज बाजारात ज्या फेसवॉशवर 'कोकोइल ग्लुटामेट' असे लिहिलेले असते, ते हेच. खोबरेल तेल आणि अजिनोमोटो यांचा हा संसार कुणाला सुचला असता? पण तो चालला आहे.

त्याचे कारण सरळ आहे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो. नेहमीचा साबण चांगलाच अल्कलीयुक्त. तो मळाबरोबर त्वचेचे तेलही काढतो आणि तिची ठेवही धुऊन नेतो. त्यात आमच्याकडच्यासारखे बोअरवेलचे मचूळ पाणी असले, की साबणाचा फेसच होत नाही, मग माणूस आणखी साबण चोळतो आणि अंगावर पांढुरका थर बसतो. वसई तालुक्यात सासरी आलेल्या बायका पहिल्या वर्षी केसांची आणि हातांची तक्रार करतात, ती उगीच नव्हे. अशा ठिकाणी सौम्य धुणे हा मोठा फायदा. माझे मत विचाराल तर ते असे आहे: पैसे खर्चायचेच असतील तर गेलेले परत आणणाऱ्या बाटलीवर नव्हे, मुळात जाऊ न देणाऱ्या वस्तूवर खर्चावेत. तेही जमत नसेल तर साबण कमी, पाणी फार कढत नको, आणि अंग पुरते कोरडे व्हायच्या आत ओलसर कातडीवर खोबरेल तेल. पाणी आत, झाकण वर. इतके पुष्कळ झाले.

इथवर लिहून मी हा लेख संपवला असता. पण एक दिवस भाचीच्या कपाटात मला दुसरी डबी दिसली. पांढरी, बिनलेबलाची, झाकणावर पेनाने फक्त 'नाइट' असे लिहिलेले. विचारले तर आधी उडवाउडवी. मग म्हणाली, "पार्लरवाल्या ताईंनी दिलीय. पंधरा दिवसांत उजळते म्हणाल्या. आणि आत्या, खरंच उजळलं." सीरम कशासाठी, डबी कशासाठी, हे मला तेव्हा उमगले. दोन ठिकाणची पाहुणे मंडळी येऊन पोहे खाऊन गेली होती, आणि त्यांतल्या एका घरून "मुलगी छान आहे, पण सावळी" असा निरोप आला होता. हे तिच्या आईने मला सांगितले नव्हते. पोरीने एकटीने गिळले होते.

मी तिला रागावले नाही. मी तिला आणखी एका अमिनो आम्लाची गोष्ट सांगितली, टायरोसिनची. आपल्या कातडीचा रंग ज्या मेलॅनिनमुळे येतो, ते मेलॅनिन याच टायरोसिनपासून बनते. ते बनवणाऱ्या विकराच्या पोटात तांबे असते. तांब्यावाचून त्याचे काम चालत नाही. पारा हा या विकराचे काम बंद पाडतो, म्हणून पारा घातलेले क्रीम लावले की रंग खरोखर उजळतो. फसवणूक ही नव्हे की ते काम करीत नाही. ते काम करते, आणि पारा कातडीतून शरीरात जातो, मूत्रपिंडापर्यंत.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घराची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. आई आणि दोन मुली, तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार. मुंबईच्या केईएम रुग्णालयात धागा शोधता शोधता डॉक्टर पोचले ते गावातल्या ब्यूटिशियनकडून घेतलेल्या क्रीमपर्यंत, आणि त्यात पारा निघाला. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या पंधरा रुग्णांपैकी तेरा जणांनी रंग उजळायचे क्रीम वापरल्याचे आढळले. आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण नियम लेबल असलेल्या डबीला पकडतो. पेनाने 'नाइट' लिहिलेल्या डबीला कोण पकडणार? भाचीच्या डबीत पारा होता की नव्हता, हे मी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच ती फेकायला लावली. जिच्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि घटकांची यादी नाही, ती वस्तू चेहऱ्याला लावायची नाही, एवढा एक नियम प्रत्येक घराने करावा. तिची लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घेतली. ती ठीक आली. त्या चार दिवसांत माझा रक्तदाब काय होता, ते मी मोजले नाही.

१९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' या नावाने घरोघरी गेलेल्या क्रीमचे नाव कंपनीने २०२० मध्ये बदलले. 'फेअर' गेले, 'ग्लो' आले. आता जाहिरातींत गोरेपणाचा शब्द कमी ऐकू येतो, त्याजागी सीरम, पेप्टाइड, अमिनो असे शब्द आले आहेत. शब्द शास्त्राचे झाले, याचा शिक्षिका म्हणून मला आनंदच व्हायला हवा. पण पोहे खाऊन जाणाऱ्या पाहुण्यांची नजर जर तीच राहणार असेल, तर त्या शास्त्राने केले काय? ज्या मेलॅनिनने वडिलांना आठ-आठ महिने उघड्या मिठागरातल्या उन्हात सांभाळले, पांढऱ्या मिठावरून उलटून येणाऱ्या उजेडात सांभाळले, तेच त्यांच्या नातीच्या अंगावर दोष ठरते. टायरोसिनपासून मेलॅनिन करणे ही तिच्या त्वचेची चूक नाही, हुशारी आहे. मुलाकडच्यांना हे सांगायचे धैर्य आपण घरच्या वडीलधाऱ्यांनी दाखवले, तर पोरींना डब्या लपवाव्या लागणार नाहीत.

आणि ज्यांना खरोखर औषध हवे, त्यांच्यापर्यंत हे शास्त्र अजून पोचलेले नाही, हे दुसरे दुःख. आजही जिथे मिठागरे चालतात, तिथे मजूर अनवाणी खाऱ्या पाण्यात उतरतात. मासळी निवडणाऱ्या, बर्फात हात घालणाऱ्या बायका, चार घरची भांडी घासणाऱ्या बायका, सगळ्यांच्या हातापायांतून तोच ऐवज रोज धुतला जातो. त्यांना सीरम नको. युरिया, जो त्वचा स्वतःच बनवते, तो दहा-वीस टक्के घातलेले मलम भेगांवर चांगले काम करते आणि ते महागही नाही. फक्त भेग ओली, रक्ताळलेली असेल तर आधी डॉक्टरला दाखवावे, कारण ते झोंबते. मधुमेह असेल तर विशेष जपावे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, रात्री कोमट पाण्याने पाय धुणे, ओलसर असतानाच मलम. आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी हे मलम का असू नये? आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या हातात दिवाळीला मिठाईच्या पुड्याबरोबर हातमोज्यांचा जोड आणि मलमाची एक नळी का पडू नये?

आमच्या घरात तेवढे सुरू झाले आहे. माझी आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तीही तरुणपणी मिठाच्या पाट्या वाहायला जात असे. तिच्या टाचा अजून दरवर्षी थंडीत फुटतात. भाची रोज झोपण्याआधी आजीच्या पायांना युरियाचे मलम लावते. पहिल्या दिवशी तिने हौसेने आपले सीरमच लावले होते. आजीने वास घेतला, किंमत विचारली, आणि पाय मागे ओढून घेतला. "एवढ्यात तर तुझ्या आजोबांची आठवड्याची मजुरी येत होती गो," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मग भाची बराच वेळ त्या भेगांकडे बघत बसली. आजोबांचे पाय तिने कधी पाहिलेले नाहीत.